मांडीवरचा राखणदार

जिंकल्यामागं गं, सारं गाव गेलं,
हरल्याच्या तोंडी पाणी कुणी दिलं?

आईचा आवाज. त्यात गोडवा फारसा नव्हता, वाफ होती. ती नाटक कंपनीचे कपडे इस्त्री करायची. ओलसर कापडावर इस्त्री टेकली की फुस्स व्हायचं, त्या फुस्सवर ती एक ओळ सोडायची आणि दुसरी धरायची. टेबलावर राजांचे, राण्यांचे, सेनापतींचे अंगरखे बाह्या लोंबत पडलेले असायचे. टेबलाखाली तिची दोन पोरं लढाई खेळायची. थोरला राजा, कारण तो थोरला. धाकट्याच्या वाट्याला मरण.

"आई, आज मी नाही मरणार," धाकटा रोज म्हणायचा.

"मर रे बाळा, लवकर मर. मला तुमच्या लढाईतली ती चादर पाहिजे," आई वरून म्हणायची, आणि पुढची ओळ उचलायची.

त्यालाही आता जन्म उलटला. आई गेली, कोळशाची इस्त्री गेली, कंपनीचे मालक बदलले, दाराबाहेरची पाटी दोनदा रंगवून झाली. थोरला अजून राजा आहे आणि धाकटा अजून मरतो. फरक एवढाच, की मरायला खाली पडायच्या आधी त्याला हल्ली गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.

नाटक जुनंच. दोन बालमित्र असतात. एक मोठा होऊन राजा होतो, दुसरा परक्या नगराच्या वेशीवर राखणदार. राजा ते नगर घ्यायला येतो. ज्या धन्यासाठी राखणदार दार धरून उभा आहे, तो धनी केव्हाच मागच्या वाटेनं पळालेला असतो, आणि राखणदाराला ते ठाऊक असतं. राजा म्हणतो, दार सोड. राखणदार म्हणतो, धरायला सांगितलंय, कुणासाठी ते विचारू नकोस. मग लढाई होते, राखणदार पडतो, आणि शेवटच्या प्रवेशात राजा त्याचं डोकं मांडीवर घेऊन विलाप करतो. लोक त्या विलापासाठीच यायचे. आजोबांनी ऐकला म्हणून नातू यायचे.

राखणदार एकदा पडला की पडदा पडेपर्यंत उठायचा नाही, ही कंपनीची जुनी शिस्त. मुंगी चावो, ठसका येवो, वरून दिवा पडो. एवढ्या वर्षांत धाकटा इतका चांगला मेला होता, की सगळे त्याला 'मयत' म्हणायचे. प्रेमानंच.

"मयत, चहा घेणार का?"

"मयताला काय विचारायचं? तोंडात ओता."

थोरल्याला सगळे 'राजे' म्हणत. तो नुसता जिना उतरला तरी माणसं भिंतीला लागून उभी राहत.

काही हंगामांपूर्वी एका प्रयोगात ते पहिल्यांदा झालं. धाकटा डोळे मिटून भावाच्या मांडीवर पडला होता. वर विलाप चालू होता. भावाचा श्वास त्याला स्वतःच्या श्वासासारखा ठाऊक. तो श्वास एका ठिकाणी आत गेला आणि बाहेर आलाच नाही. मांडी दगडासारखी ताठ झाली. समोर अंधारात भरलेलं नाट्यगृह, आणि राजाच्या तोंडात शब्द नाही. कंपनीत विंगेतून वाक्य सांगणारं कुणी नव्हतंच. राजांना कशाला लागतंय, म्हणून ती जागा कधीची बंद झाली होती. तेव्हा धाकट्यानं ओठ न हलवता, दातांच्या फटीतून, पुढचं वाक्य सोडलं. मांडी सैल झाली. आवाज पुन्हा वर चढला. टाळ्या पडल्या.

मेकअप पुसताना दोघंही त्यावर काही बोलले नाहीत.

पुढच्या वेळी दोन वाक्यं द्यावी लागली. मग चार. आता तो अख्खा विलाप सांगायचा, एकेक ओळ, आणि राजा ती उचलून आभाळाला लावायचा. सांगणं सोपं जावं म्हणून धाकट्यानं पडताना मान थोडी फिरवायला सुरुवात केली, तोंड प्रेक्षकांकडून काढून भावाकडे. एका समीक्षकानं लिहिलं, मरतानाही राखणदार मित्राकडे वळतो, हा केवढा सूक्ष्म अभिनय. धाकट्याच्या आयुष्यात त्याच्या नावानं छापून आलेली ती एकच ओळ. त्यानं कात्रण कापलं नाही. कापण्यासारखं त्यात काय होतं?

पण ह्याबद्दल भावाशी एक अक्षर नाही. त्यानं काढलं नाही, ह्यानंही काढलं नाही. झाकलेल्या जखमेवरून कापड सारखं करावं, तसे दोघं त्यावरून बोलणं सारखं करत राहिले. धाकटा थकला होता. वयानं नव्हे. मेल्यावरही जागं राहावं लागतं, त्यानं.

ह्या वर्षी नाटक बसवायला थोरल्याची मुलगी आली. कपड्यांच्या पेटीत झोपून वाढलेली पोर, मग शिकायला गेली, परत आली ती डोक्यावर आखूड केस आणि डोक्यात पुष्कळ विचार घेऊन. पहिल्याच बैठकीला तिनं सगळ्यांना रंगमंचावर गोल करून बसवलं. कपडे सांभाळणारी मावशीही बाहीला टीप घालत घालत बसली.

"मला एक सांगा," मुलगी म्हणाली, "ह्या सगळ्या जुन्या युद्धकथा घ्या. आपल्या, परक्या, कुठल्याही. दोन माणसं असतातच. एकाला नदी वाट देते, वारा त्याच्या पाठीशी, देव त्याच्या बाजूचे. तो पाऊल टाकतो आणि खाली जमीन येते. दुसऱ्याचा घोडा नेमका तेव्हाच लंगडतो. त्याला सुटायची वाट दिसत असते, आणि तरी तो जात नाही. पहिल्याला लोक हार घालतात, दुसऱ्यासाठी रडतात. बरोबर?"

"आणि धुणं दोघांचं मी धुते," मावशी म्हणाली. "जिंकणाऱ्याचा अंगरखा आठवण झाली की धुवायचा. हरणाऱ्याचा प्रत्येक प्रयोगाला, रक्त लागतं ना. म्हणून हरणाऱ्याचे कपडे आधी विरतात. माझं आपलं एवढंच निरीक्षण."

सगळे हसले. मुलगीही हसली, पण तिचं बोट हवेतच होतं. "मावशी, अगदी तेच! विरून जातात, संपतात. राखणदार मेला, सुटला. मग आपण त्याच्यासाठी का रडतो? खरा शोक राजाचा आहे. त्याला उद्या सकाळी उठून ते नगर चालवायचंय. त्या मोडक्या दारातून रोज ये-जा करायचीय. जिंकलेल्या माणसासाठी कुणी रडतच नाही, आणि मला तेच दाखवायचंय. म्हणून विलापाच्या आधी मी काकांना उचलून नेणार. दोन सैनिक येतील, प्रेत घेऊन जातील. राजा एकटा. रिकाम्या मांडीशी बोलेल."

मग कुणीतरी "वा," म्हणालं, आणि ते मनापासून होतं. धाकट्यालाही ते पटलं. हीच तर पंचाईत होती.

"उचलणार कसं पण?" तो म्हणाला. "मी काही कापूस नाही."

"काका, दोघं दणकट आहेत."

"लोकांना सवय आहे गं. शेवटी दोघं एकत्र बघायची."

"म्हणूनच तर मोडायची ती."

"मेलेल्याला काही मान असतो की नाही? आत्ता पडला, लगेच उचलला. अंग गार तरी होऊ द्या."

"काका," मुलगी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला फुकट पडून राहायला मिळावं म्हणून भांडताय ना?"

पुन्हा हशा. "मयताचा हट्ट बघा," सैनिक झालेला एकजण म्हणाला. धाकट्यानं भावाकडे पाहिलं. थोरला अंगरख्याचं एक बटण लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"ती म्हणते ते बरोबर आहे," थोरला म्हणाला. मान वर न करता.

मेकअपच्या खोलीत दोघंच उरले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. आरशाभोवतीचे निम्मे दिवे गेलेले. थोरला दंडाला बांधायचं चिलखत घेऊन बसला होता. डाव्या हाताचं त्यानं उजव्या दंडावर चढवलं आणि बंद पुरेना म्हणून ओढत राहिला. धाकट्यानं ते सोडवलं, त्या दंडावरून काढलं, ह्या दंडावर बांधलं. लहानपणी थोरला त्याच्या चपलेचे पट्टे असेच बांधून द्यायचा.

"दादा."

"हं."

"एकदा म्हणून बघू या का? विलाप. नुसता, बसल्या बसल्या."

थोरल्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. आरशातून पाहायची सवय दोघांनाही होती, समोरासमोर पाहण्यापेक्षा ते सोपं जायचं.

"मला पाठ नाही, असं म्हणायचंय तुला?"

"तसं कुठं म्हणालो?"

"तुला दोन ओळी पाठ व्हायला आईचे चार धपाटे लागायचे. आणि तू माझी परीक्षा घेणार?"

"नाही घेत."

"मग झालं."

धाकट्यानं बंदाची गाठ उगीचच पुन्हा घट्ट केली. त्याला म्हणता आलं असतं: दादा, पोरीला सांगून टाकू, ती तुझीच आहे, खाणार नाही आपल्याला. ते जिभेवर आलंही. पण राजाच्या पोशाखात बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा खांदा एवढासा झाला होता, आणि ते वाक्य त्या खांद्यावर ठेवायचं धाकट्याच्यानं होईना. सांगायचं तर दादानं सांगावं. ज्याचं आहे त्यानं. तोवर मी आहे.

पण आता तो तरी कुठं असणार होता? विंगेत, चार माणसांच्या अंतरावर.

तालीम दुपारची. वरचा पत्रा तापून तडतडत होता, रंगमंचावर साधे पिवळे दिवे, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांत मध्येच बसलेली मुलगी. लढाई झाली. धाकट्यानं गुडघ्यांना विचारलं, पडला. थोरल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो हात केसांवरून फिरला, आणि त्या हाताला घाम होता.

"सैनिक, चला," खालून आवाज आला.

दोघं आले. एकानं काखेत हात घातले, एकानं पाय धरले. "मयत, श्वास सोडा, हलके व्हा जरा," एकजण पुटपुटला. ते त्याला उचलून विंगेत घेऊन गेले आणि गुंडाळून ठेवलेल्या पडद्यावर टेकवून, हात झटकत चहाला निघून गेले. मावशी तिथंच उभी होती, हातात त्याचा धुतलेला दुसरा अंगरखा. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो नेहमीसारखा उठून बसला नाही, कोपरावर रेलून रंगमंचाकडेच बघतोय, हे पाहून ती पण बघायला लागली.

राजा गुडघ्यांवर बसला होता. एकटा. त्याचा उजवा हात मांडीवर आला, तिथं काहीच नव्हतं. हात तिथंच चाचपडत राहिला, पांघरूण शोधावं तसा.

"सुंदर," अंधारातून मुलगी हळूच म्हणाली. "बाबा, हा हात. हा असाच ठेवा."

राजानं तोंड उघडलं. "ऊठ गड्या," तो म्हणाला. थांबला. "ऊठ गड्या."

"दोनदा? चालेल बाबा. छान आहे ते."

"ऊठ गड्या," राजा म्हणाला.

आणि मग काहीच नाही. पत्रा तेवढा तडतडत होता. मुलगी पुढं झुकून बसली होती, हनुवटीखाली दोन्ही मुठी. तिला वाटत होतं तिनं काहीतरी शोधून काढलंय. एवढा मोठा थांबा घ्यायची छाती बाबांनी कधी केली नव्हती. जन्मभर ज्याला लोकांनी टाळ्या दिल्या, त्या माणसात आणखी एक कप्पा होता आणि तो आपण उघडला, असा आनंद तिच्या पाठीच्या कण्यात दिसत होता.

धाकट्यानं विंगेतून सांगितलं. "दार उघडलंय." पण ते सांगणं मांडीपुरतं तयार झालेलं. एवढ्या वर्षांत त्या कुजबुजीला कधी वीतभरापेक्षा लांब जावं लागलं नव्हतं. ती अर्ध्यातच विरली. मोठ्यानं म्हणावं तर सगळ्यांना ऐकू जाणार. राजाची मान इकडे वळली, तिकडे वळली. हरवलेल्या माणसाची मान.

धाकटा उठला. पडद्याच्या गुंडाळीला धरून आधी एक गुडघा, मग दुसरा. मावशीनं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. छातीवर रंगाचं रक्त, एका पायातली वहाण विंगेतच राहिलेली, असा तो मेलेला माणूस पिवळ्या उजेडातून चालत गेला, भावाजवळ खाली बसला, आडवा झाला आणि डोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. मान वळवली.

"दार उघडलंय," त्यानं दातांतून सांगितलं.

"दार उघडलंय," राजा म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम भरला. "तुझ्या हातानं उघडलं नाही, माझ्या हातानं मोडलं. मोडक्या दारातून आत जाणारा मी पहिला, आणि माझ्यामागं..."

"काका!" मुलगी खुर्च्यांमधून धावत येत होती. "काका, काय चाललंय? थांबा, थांबा सगळे!" ती रंगमंचावर चढली. रागानं तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "इतका सुंदर थांबा होता तो! बाबा कुठल्या कुठं पोचले होते, आणि तुम्ही मध्येच उठून येता? मेलेला माणूस चालत येतो? तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत ना, पडलं की उठायचं नाही म्हणून?"

धाकटा पडूनच होता. मांडीवरून त्याला वर भावाची हनुवटी दिसत होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"पण का?"

"सवय गं. इतकी वर्षं शेवटी मी इथंच असतो. टाळ्या पडतात तेव्हा मला खालून ऐकू येतात. तेवढंच तर असतं माझं. म्हातारपणी माणूस हावरट होतो."

"तुम्ही?" ती क्षणभर गोंधळली. काका हावरट, हे तिच्या हिशेबात कुठं बसेना. पण माणूस स्वतःच सांगतोय म्हटल्यावर तिनं ते धरून ठेवलं, कारण रागाला काहीतरी धरायला हवं होतं. "काका, मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण हा एकच प्रवेश मला हवा तसा पाहिजे. वर्षभर तो डोळ्यांसमोर आहे माझ्या. तुम्हाला विंगेत राहणं जमणार नसेल तर..." तिनं वडिलांकडे एकदा पाहिलं. "तर मला दुसरा राखणदार बघावा लागेल."

"बघ," धाकटा म्हणाला.

"खरंच म्हणताय?"

"खरंच. तरणा बघ एखादा. उचलायला हलका."

मावशी विंगेतून पुढं आली होती. चहाला गेलेले सैनिक दाराशी परतले होते, हातात कप, कुणी पीत नव्हतं. धाकट्यानं डोळे मिटले. आता हे लवकर आटपावं, एवढंच त्याला वाटत होतं. घरी जावं, पाय कोमट पाण्यात सोडावेत. मग दादा एकटा पडेल, पहिल्या प्रयोगाला पडेल, सगळ्यांसमोर. ते बघायला आपण नसू. की असू, मागच्या रांगेत?

तेवढ्यात त्याच्या केसांवर हात आला. घामेजलेला, जड. नाटकात ह्या ठिकाणी हात केसांवरून फिरत नाही. नाटकात तो आभाळाकडे जातो.

"त्याला काही बोलू नकोस," थोरला म्हणाला.

"बाबा, मी काय बोलले? ते स्वतःच..."

"तो खोटं बोलतोय. लहानपणापासून खोटं बोलता येत नाही त्याला, कान लाल होतात. बघ."

मुलीनं पाहिलं. मावशीनंही.

"तो थांबा नव्हता गं," थोरला म्हणाला. आवाज राजाचा नव्हता. घरातला होता, चहा मागायचा. "तू छान म्हणालीस, मला बरं वाटलं, मी गप्प राहिलो. मला पुढचं येत नव्हतं. आज नाही, केव्हापासून येत नाही. हा खाली पडून सांगतो आणि मी म्हणतो. अख्खा विलाप हा सांगतो. टाळ्या मी घेतो."

"दादा, राहू दे," धाकटा म्हणाला.

"तू गप पड. मेलायस ना." थोरल्यानं त्याच्या कपाळावर पंजा दाबून धरला, उठू नये म्हणून. मग मुलीकडे पाहिलं, आरशातून नव्हे, सरळ. "आणि नुसतं नाटकातलंच असतं तर मी निभावलं असतं कसंतरी. परवा तालमीहून निघालो तो दुसऱ्याच जिन्यानं वर गेलो. दुसऱ्याच दाराला किल्ली लावत बसलो. आतून एक बाई आल्या, त्यांनी ओळखलं, राजे म्हणाल्या, आणि हाताला धरून मला माझ्या दाराशी आणून सोडलं. दारावरची पाटी वाचली तेव्हा मला पटलं की हे माझं घर. हे मी तुला सांगितलं नाही, ह्यालाही सांगितलं नाही. मला भीती वाटते गं, बाळा. खूप भीती वाटते."